दादासाठी न घेतलेले पिकअप

माझी इलेक्ट्रिक गिटार महोगनीची आहे. जड, तांबूस, जुनी. पुण्यात एका माणसाला घासाघीस करून पार थकवून मी ती घेतली होती. गेल्या हंगामात तिचे दोन्ही पिकअप गेले. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेली डबी; आत चुंबकाभोवती तांब्याची केसाएवढी तार गुंडाळलेली असते. तारांचा आवाज तीच धरते आणि स्पीकरकडे धाडते. ती मेली की गिटार नुसतं लाकूड.

पिकअप गेले तेव्हा मला वाईट वाटलं नाही. त्यांच्यापायीच दादानं अणदूरला माझी शोभा केली होती. दादा माझा थोरला भाऊ, आमच्या ऑर्केस्ट्राचा गायक. पार्टी उभी केली मी. माइक माझे, टेम्पो माझा, सुपाऱ्या मीच ठरवायच्या. आणि यात्रेतल्या कार्यक्रमात, गिटारीखाली आपला गळा बुडतोय म्हणून, गाणं अर्ध्यावर सोडून हा माइकवर म्हणाला, "मंडळी, आधी ह्येचं वाजवून होऊ द्या. मग मी गातो." आणि खुर्चीवर जाऊन बसला. सगळं पटांगण हसलं. त्यानंतर तो माझ्याबरोबर गायला नाही. राहतो शेजारीच, मध्ये एक भिंत.

मी मूळचा खव्याच्या धंद्यातला. दुधाचा फॅट बघायचा, आकडा मोठा तो माल चांगला. सोलापूरच्या दुकानातही मी तेच केलं. दुकानदारानं दोन जोड्या काढल्या, मी मीटर लावून आकडे बघितले आणि मोठ्या आकड्याची जोडी पुढं ओढली. जास्त वेढे, जास्त जोर. तो म्हणाला, हे लाकूड आधीच भरदार बोलतं, त्यात ही जोडी घातली तर सगळं गढूळ होईल. गाणाऱ्याच्या मागं वाजवायचं असेल तर दुसरी घ्या. पडून राहिलेला माल गळ्यात मारतोय, असं मी तोंडावर सुनावलं. त्याच्याकडे तशाच दोन गिटारी होत्या, एकीत ही जोडी, एकीत ती. वाजवून बघा म्हणाला.

दादा गायचा त्या देवीच्या गोंधळाची सुरुवात मी वाजवली. मोठ्या आकड्यावर ती दणाणली, शोकेसच्या काचा थरथरल्या. मला आवडलं. मग दुसरीवर वाजवली. जिथं दादा शब्द उचलतो तिथं माझा हात आपोआप हलका झाला आणि मी त्या शब्दाची वाट बघत थांबलो. दुकानदार विचारत होता, काय झालं. माझं डोकं सणकलं. त्या जोडीवरून मी त्याच्याशी इतकी हुज्जत घातली की शेवटी त्यानं हात जोडले. पण घेतली तीच, कमी आकड्याची.

धाराशिवला एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून ती बसवून घेतली आणि संध्याकाळी ओट्यावर तोच गोंधळ वाजवत बसलो. थोड्या वेळानं दादा त्याच्या दारात येऊन उभा राहिला.

"आवाज कमी केलास व्हय?"

"जुने जळाले, दादा. हेच स्वस्तात मिळाले. तुमाला काय त्याचं?"

"काय न्हाय. बरे हायत."

तो गेला नाही. मीही वाजवणं थांबवलं नाही. त्यानं अणदूरचा विषय काढावा, एवढंच मला हवं होतं. सौद्यात मी कधीच आधी आकडा सांगत नाही. समोरचा अवघडून बोलेपर्यंत गप्प बसतो. दादाही त्याच बापाचा.

शेवटी तोच बोलला. "वाशीच्या लग्नात कोण गातंय?"

आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीची ती सुपारी मी नुकतीच घेतली होती. तुमीच गा म्हणायला एवढं पुरेसं होतं. पण माझ्या कानात ते पटांगण अजून हसत होतं.

"ठरलाय एक जण."

"बरं," म्हणाला आणि आत गेला.

ठरला कुणीच नव्हता. वाशीचं लग्न मी गाणाऱ्याशिवाय, नुसतं वाजवून काढलं. गिटार इतकी स्वच्छ कधी वाजली नव्हती. लोक जेवता जेवता विचारत होते, गाणारा कुठंय. दादा घरी होता. मला आजही वाटतं, त्यानं वाशीच्या आधी अणदूरचं बोलायला हवं होतं.