गुंडूमामांचा हिरवा बावटा

होडीवर नाव रंगवून झालं की गुंडूमामा वाळूवरून उलटे चालत मागे जायचे, लांबून अक्षर दिसतं का बघायला. एकदा असेच मासळीच्या टोपलीत बसले. कुणी नाव नक्षीदार मागितलं की भडकायचे, "होडयेचा लगीन लावतंस काय रे?"

नगरपंचायतीने गावाचा झेंडा करायचं ठरवलं, तेव्हा कारकून म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. समितीला त्यात किल्ला, माड, आंबा, मासा, सगळंच हवं होतं. मी मामांना समितीपुढे नेलं. ते म्हणाले, "अरे मेल्यांनो, ह्यो बावटो की बाजाराची पिशवी? बावटो वळखूक असता."

त्यांचा हट्ट उगीच नव्हता. धक्क्यावरची झेंड्याची काठी नाकासमोर ठेवून होडी हाकली की बंदराच्या तोंडावरचे खडक चुकवून आत येता येतं. एका मळभाच्या संध्याकाळी त्यांच्या मुलाला, अनंताला, ती काठी दिसली नाही. होडी मिळाली, अनंता नाही.

मामांनी एकरंगी बावटा शिवून आणला. हिरवा, अनंताच्या होडीचा रंग. समुद्रातून दिसला तरच लावायचा, ही अटही त्यांचीच. बावटा चढवून आम्ही दोघे होडीने खडकांपलीकडे गेलो. मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. "झिला, माका दिसणा नाय. तुका दिसता?"

मी पाहिलं. किनाऱ्यावर माडच माड. हिरव्यात हिरवा गडप झाला होता. आणि मामा जीव डोळ्यांत आणून माझ्या तोंडाकडे बघत होते.

"दिसता मामा, लख्ख दिसता."

म्हातारा रडला. बावटा मंजूर झाला. होडीवाल्यांना कळलंच असणार, पण मामांपुढे बोलणार कोण?

चार महिन्यांनी मामांनी अंथरूण धरलं. भेटायला गेलो तर माझा हात धरून म्हणाले, "तू खोटा बोललंस, तां माका होडयेतच कळला होता."

माझी मान खाली गेली.

"माकाय बरा वाटला रे. म्हणान गप रवलंय. अनंताचो बावटो वर होतो." त्यांनी माझा हात दाबला. "आता पुरे. उतरव तो. पोरां भायर दर्यात आसत."

मी घरून लालभडक चादर उचलून तडक धक्क्यावर गेलो. बावटा उतरवून चादर काठीवर चढवली. हिरवा बावटा काखेत धरून मामांना सांगायला परत धावलो, तर अंगणात माणसं जमली होती.