वन्सं आणि त्यांचे हीटसिंक

आमच्याकडे पाहुणा आला की त्याला बसायला सांगण्याआधी खुर्चीवरचा हीटसिंक उचलावा लागतो. ही माझ्या नणंदेची करणी. मी त्यांना वन्सं म्हणते, त्या मला वहिनी म्हणतात. माझे यजमान गेले तेव्हा वन्सं सोबतीला म्हणून आठ दिवसांसाठी आल्या होत्या. त्याला आता बरीच वर्षं झाली. आपली पिशवी अजून पुरती रिकामी झालेली नाही, असं त्या सांगतात. मीही कधी आत डोकावून पाहिलं नाही.

त्यांनी उभी नोकरी ॲम्प्लिफायरच्या कारखान्यात केली. लग्न केलं नाही. का, असं कोणी विचारलं तर म्हणतात, "सोल्डरिंगच्या धुरात स्थळ दिसलंच नाही." कारखाना बंद पडला त्या दिवशी कोणी टेबल घरी नेलं, कोणी भिंतीवरचं घड्याळ. वन्संनी साहेबांना विचारून काळ्या हीटसिंकचं एक खोकं मागून घेतलं. हीटसिंक म्हणजे ॲल्युमिनियमचा ठोकळा. त्याला कंगव्याच्या दातांसारख्या पात्या असतात. तापलेल्या भागावर तो घट्ट बसवला की आतली उष्णता ओढून हवेत सोडतो. आवाज मोठा करणाऱ्या यंत्राला तो लागतोच. पण घरात बसलेल्या बाईला त्याचा काय उपयोग, असं मला तेव्हा वाटलं होतं.

उपयोग निघाला तो आमच्या इमारतीखालच्या कॉम्प्युटरवाल्यामुळे. लोकांनी टाकून दिलेले जुने मदरबोर्ड तो वन्संना आणून देतो आणि वन्सं ते पळवतात. पळवतात म्हणजे कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवतात. या उद्योगाला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. वेग वाढला की उष्णता वाढते. प्रोसेसरवर सगळेच मोठा पंखा लावतात, पण त्याच्या शेजारच्या चिपसेटकडे कोणी ढुंकून पाहत नाही. प्रोसेसरचे निरोप सगळीकडे पोचवणारी ही चिप. तिच्या वाट्याला येतो काडेपेटीएवढा हीटसिंक.

"घरातल्या सुनेसारखं आहे वहिनी," वन्सं मला समजावतात. "सगळ्यांची उठबस तिने करायची आणि पंख्याखाली बसायचं सासऱ्यांनी."

म्हणून त्या चिपसेटवर ॲम्प्लिफायरचा भलाथोरला हीटसिंक चढवतात. करवतीने कापतात, कानशीने घासतात, भोकं पाडतात. पहिल्यांदा तो प्रकार पाहिला तेव्हा मी म्हणाले होते, "वन्सं, नाकापेक्षा मोती जड झाला."

"होऊ दे. नाक थंड राहतंय ना?"

मला त्यातलं फार कळत नाही. पण यजमान गेल्यावर या घरात जी शांतता शिरली होती, ती या करवतीच्या आवाजाने बाहेर घालवली. त्याबद्दल मी वन्संना कधी काही बोलले नाही. रोजनिशीत मात्र लिहिलेलं आहे.

गेल्या हिवाळ्यात वन्संचे हात थरथरू लागले. आधी कपातला चहा बशीत सांडायचा. मग हातातला स्क्रू निसटू लागला. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, औषधाने थोडा फरक पडेल. वन्संनी औषध घेतलं आणि जाहीर केलं, "हा एक बोर्ड बसवते. नीट चालला तर ठीक. नाहीतर हत्यारांचा डबा खाली देऊन टाकायचा. ज्याला वापरता येईल त्याच्याकडे असावा." कॉम्प्युटरवाल्याला त्यांनी तसं सांगूनही टाकलं. रविवारी येऊन डबा न्यायचा की नाही, ते बघायचं ठरलं.

बोर्ड बसवला शनिवारी. वेग वाढवून चाचणी लावली. पडद्यावरचे आकडे थोडा वेळ पळाले आणि जागच्या जागी थिजले. पुन्हा चालू केलं, पुन्हा थिजले. वन्संनी हीटसिंकला बोट लावलं. तो जेमतेम कोमट होता.

"चिप आत भाजतेय आणि हा बाहेर गारच," त्या म्हणाल्या. "उष्णता वर येतच नाही. म्हणजे वाकडा बसलाय. हात हलला माझा."

मग त्यांनी एकेक पाना पुसून डब्यात ठेवायला सुरुवात केली. मला ते बघवेना. त्यांचे हात रिकामे झाले तर या घराचं काय होईल, हे मला त्या पुसण्यातच दिसत होतं.

"थांबा," मी म्हणाले. "मी बसवते. तुम्ही सांगा."

"तुम्ही? तुम्ही तर टेबलफॅनलाही घाबरता."

"कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टरनी भरतकाम शिकवलंय मला. एक टाका तिरका गेला तर सगळं उसवायला लावायच्या. हात माझा हलत नाही."

"बरं. पण आधी वीज बंद."

मी चष्मा पुसून खुर्ची पुढे ओढली. वन्संनी सांगितलं तसे चारही स्क्रू थोडे थोडे सैल केले आणि हीटसिंक सरळ वर उचलला. खाली, चिपची उष्णता हीटसिंकपर्यंत पोचावी म्हणून लावतात ती पांढरी पेस्ट दिसली, आणि पेस्टमध्ये चिकटलेली एक पातळ पारदर्शक चकती. मी ती नखाने सोडवून उजेडात धरली.

"हे काय आहे वन्सं? काच?"

वन्संनी ती हातात घेतली. उलटीसुलटी करून पाहिली. मग हसायला लागल्या, इतक्या की डोळे पुसावे लागले.

"अभ्रक," त्या म्हणाल्या. "कारखान्यात प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या खाली घालायचो. त्याच्या अंगातून वीज जाते, ती हीटसिंकला लागू नये म्हणून. इथे याची काही गरज नाही. उलट उष्णता अडते. आजवर एकदाही घातला नव्हता इथे. मघाशी सगळं लक्ष हात हलू नये इकडे, आणि बोटांनी आपली जुनी नोकरी सुरू केली."

"म्हणजे हात हलला म्हणून नाही?"

"नाही हो. हीटसिंक सरळच बसलाय, पेस्ट बघा किती सारखी पसरलीय. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, दुसरं काय."

मग त्यांनी डब्यातून स्क्रूड्रायव्हर परत काढला. चिप पुसली, नवी पेस्ट लावली. मी हीटसिंक दोन्ही हातांनी धरला आणि वन्संनी स्क्रू पिळले. एका कोपऱ्यातला थोडासा, मग त्याच्या समोरच्या कोपऱ्यातला, म्हणजे भार एका बाजूला येत नाही. त्यांचा हात थरथरत होता, पण टोक खाचेत शिरलं की स्थिर व्हायचा. चाचणी लावली. आकडे पळत राहिले. आम्ही भाजी निवडली, कपडे वाळत घातले, तरी ते पळतच होते. मी हीटसिंकला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं.

"तापलाय," मी म्हणाले.

"तापणारच. तेच तर त्याचं काम," वन्सं म्हणाल्या, आणि एखाद्या बाळाचा ताप उतरल्यासारख्या खुर्चीत मागे टेकल्या.

त्या दिवशी मी देवाचे आभार मानले. अभ्रकाच्या चकतीचेही मानले, कारण ती नसती तर मला हीटसिंक धरायला कोणी दिला नसता. आता प्रत्येक बोर्डाला धरणारी मी आणि पिळणाऱ्या वन्सं. ती चकती त्यांनी स्क्रूच्या वाटीत ठेवली आहे. "नजर लागू नये म्हणून," असं म्हणतात.

रविवारी कॉम्प्युटरवाला ठरल्याप्रमाणे आला. दारातच उभा राहून त्याने विचारलं, "मावशी, डबा नेऊ ना?"

"डबा कशाला? चहा घेऊन जा," वन्सं आतून म्हणाल्या. "बसा. आधी खुर्चीवरचा हीटसिंक उचला."