कोल्ह्याची मान

माझी लेक संग्रहालयासाठी मेलेल्या जनावरांची कातडी साच्यावर चढवते. माहीमहून बोईसरला तिच्याकडे गेले, तेव्हा ती एका कोल्ह्याशी झटत होती. कातडं वाळत आलं होतं आणि एकदा वाळलं की मान वळणार नव्हती. कोल्हा तर शाळेच्या फोटोतल्या पोरासारखा ताठ उभा.

"आये, कसा दिसतोय?"

"मेलेला हाय, मेलेलाच दिसतोय. टोपलीतला बोंबील याच्याहून बरा."

ती चिडली नाही. तिने त्याची मान जराशी मागे वळवली आणि एक कान पाठी दाबला. खाडीकाठी माणसाची चाहूल लागली की कोल्हा अगदी असाच थबकतो. जन्मभर मी मेलेली मासळी हाताळली, पण मेलेल्यात जीव येताना कधी पाहिला नव्हता.

"आये, आता?"

मी गप्पच राहिले. बोलले असते तर तो पळाला असता.