चढ उलटा चढायचा

आधी काकांविषयी लिहितो, मग बाकीचं. वडप्याचे शेतकरी. घरची भातशेती सांभाळून कामतघरच्या एका सुताच्या गोदामात ट्रॅक्टर चालवायचे. माझं गाव बार्शीच्या पलीकडे, आणि काकांनी कल्याणच्या पुढचा मुलूख पाहिलेला नव्हता. नातं म्हणावं तर काहीच नाही. तरी माझ्या खोलीत आज चूल पेटते ती या माणसामुळे.

सत्तर साल उलटून काही वर्षं झाली होती. मी पाचवीतून शाळा सोडलेला. बैलगाडी हाकण्यापलीकडे हातात कला नाही, म्हणून त्या गोदामात हमाली करत होतो. झोपायला चाळीत सहा जणांत एक वळकटी. बायको गावाकडे होती. तिला आणायची तर खोली हवी, आणि घरमालक म्हणायचा, "हमालाला खोली देत नाही. आज आहे, उद्या नाही." पत्र आलं की न फोडताच आत काय लिहिलंय ते ठाऊक असायचं: कधी नेताय?

गोदामाच्या सेठने त्या वर्षी एक अजब वस्तू आणली. गोदीच्या भंगारातून घेतलेला माल उचलायचा सांगाडा. काकांनी तो वर्कशॉपमध्ये उभं राहून आमच्या छोट्या ट्रॅक्टरच्या मागे बसवून घेतला. दोन लोखंडी काटे, मागच्या बाजूला. ट्रॅक्टर मागे न्यायचा, काटे सुताच्या गाठी रचलेल्या लाकडी पाटाखाली घालायचे, बाजूचा दांडा ओढला की गाठी हळूहळू वर. चार माणसांचं बळ एका दांड्यात. आमच्यातला एक उत्तर प्रदेशचा हमाल म्हणायचा, "सब भैंस आगे से मारती है, ये पीछे से मारती है."

काका ते चालवायचे तेव्हा मी पाठीवरचं ओझं विसरून बघत राहायचो. मान पूर्ण मागे वळलेली, एक हात स्टिअरिंगवर, एक दांड्यावर. काटे पाटाखाली शिरताना लाकडाला खरचटत नसत. ट्रकमधला माल अंगणात उतरायचा आणि गोदामाची जमीन छातीभर उंच, म्हणून अंगणातून वर जायला सिमेंटचा चढ होता. तो चढ काका नेहमी उलटा चढायचे, माल वरच्या अंगाला ठेवून. उतरताना मात्र सरळ. हमाल हसायचे, "काका, तुमचा घोडा लाजतो काय? तोंड दाखवत नाही!" काका म्हणायचे, "तोंड दाखवाच्या नादान पाठ मोडल. हसा तुमी."

पण रोज मान वळवून वळवून काकांची मान आखडली. कोणी हाक मारली तर सगळं अंग वळवावं लागे. एक दिवस त्यांनी सेठला सांगितलं, "मना आता होत न्हाय. हा गाडीवान हाय ना, याला शिकवतो." गाडीवान म्हणजे मी. सेठ म्हणाला, "शिकव. महिन्याने मी बघेन. जमलं तर कायमचा ड्रायव्हर, नाही तर परत पाठीवर गाठ." त्याच संध्याकाळी घरमालकाकडे गेलो. तो म्हणाला, "कायमचा झालास की ये."

महिनाभर रोज दुपारच्या सुट्टीत काकांनी मला शिकवलं. त्यांचा भात गार होई. हातावर कधी मारलं नाही, पण बोलायचे. "माल मागं हाय तर पुढची चाकं हलकी व्हतात. हलकी झाली की स्टेरिंग फिरव नायतर नको फिरव, सारखाच. म्हून चढ उलटा चढाचा. समजला क?" मी मान डोलवायचो. डोक्याला समजलं होतं. अंगाला समजलं नव्हतं.

सेठ बघायला आला तो दिवस. गाठी उचलल्या, छान उचलल्या. मग चढासमोर आलो आणि काय वाटलं कोण जाणे. सेठ बघतोय, सगळे हमाल बघतायत, आणि मी पाठमोरा चढू? गाडीवानाच्या जातीला मागे चालणं म्हणजे बैल बुजल्याचं लक्षण. मी ट्रॅक्टर सरळ घातला.

अर्ध्या चढावर पुढची चाकं जमिनीवरून सुटली. समोर सिमेंट दिसायचं, तिथे आभाळ दिसू लागलं. क्लच दाबायचा, दांडा खाली करायचा, हे सगळं मला पाठ होतं. पण अंगाने जुनंच केलं. आमच्याकडे बैलगाडी मागच्या ओझ्याने उलार होऊन पुढून उचलली की गाडीवान पुढे उडी मारून जुवावर लोंबकळतो. मी सीट सोडून खाली उडी टाकली, पुढे धावलो आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या पट्टीला दोन्ही हातांनी लोंबकळलो. पाय हवेत.

काका त्या आखडलेल्या मानेने धावले. बाजूने हात घालून त्यांनी दांडा खाली ढकलला. काटे मालासकट जमिनीला टेकले, इंजिन आचके देऊन बंद पडलं आणि पुढची चाकं मला घेऊन खाली आली.

"झुला झूल रहा है क्या?" कोणीतरी ओरडलं. सगळे हसले. सेठ हसला नाही. "सरळ कोणी चढवायला सांगितलं याला?"

मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "मी."

"तू?"

"मी बोललो, एकदा सरळ चढवून बघ. माजी चूक."

मग सेठने काकांना जे ऐकवलं ते मी लिहीत नाही. ज्या माणसाने कधी एक गाठ पाडली नाही, ज्याची उलट्या चढाची टेक सगळ्या कामतघरात ठाऊक, तो सगळ्या हमालांसमोर खाली बघत उभा राहिला. ऐकून झाल्यावर म्हणाला, "आता याला याच्या डोक्यान चढू द्या, सेठ. एक डाव."

त्या एका डावात मी उलटा चढलो. मान इतकी वळवली की हाड वाजलं. मग दुसरी खेप, तिसरी. ट्रक रिकामा होईपर्यंत कोणी मला थांबवलं नाही. सेठ जाताना एवढंच म्हणाला, "उद्यापासून तूच."

काकांना विचारलं, असं का केलंत? ते डबा उघडत म्हणाले, "तू लोंबकाललास ना, पलालास न्हाय. गाडीला सोडून पलणारा मना नको व्हता." आणि हसले. "पन परत लोंबकाललास तर हात तोडीन."

महिन्याभरात बायको आली. खोली मिळाली. काका शेतीवर परत गेले ते गेलेच. दिवाळीला मी वडप्याला जातो, ते अंगणात खाटेवर असतात, सगळं अंग वळवून माझ्याकडे बघतात. अजून त्यांच्या गावात आणि आमच्या गोदामात हेच बोलतात की काकांनी शेवटी एकदा चूक केली. दर खेपेला मी खरं सांगायचं ठरवून जातो आणि चहा पिऊन परत येतो, कारण नोकरी जाईल अशी भीती अजून पोटात आहे. पण काका, एक दिवस त्या चढाखाली, सेठ आणि सगळे हमाल उभे असताना, मी सांगेन की सरळ चढवायला कोणी सांगितलं नव्हतं. तुमची टेक तुम्हाला परत करीन. तेवढं तुम्ही असेपर्यंत करीन.