हार घालू द्या, ओरखडा मी बघतो

दिल्लीतली सगळ्यात चकचकीत शववाहिनी आमच्या मयूर विहारच्या मराठी मंडळाकडे आहे.

आज तिच्यातून अविनाशकाका गेले.

ज्यांनी ती चमकवली, तेच.

काका आमच्या खालच्या मजल्यावरचे. नोकरीची सगळी वर्षं केंद्र सरकारात, लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये. रिटायर झाल्यावर लोक योगा करतात. ह्यांनी पॉलिशिंगचं मशीन आणलं.

काकू म्हणायच्या, "घरातला पंखा पुसा म्हटलं की ह्यांची कंबर धरते. गाडी म्हटली की दिवसभर वाकलेले!"

मंडळाची गाडी म्हणजे कोणीतरी दान दिलेली जुनी व्हॅन. काळी.

आणि काळा रंग काहीही लपवत नाही. हारांच्या तारांचे ओरखडे, झेंडूचे डाग. वर आपली दिल्लीची खास पद्धत, रोज सकाळी सुक्या फडक्याने धूळ पुसायची. धूळ जाते, पण जाता जाता रंगावर घासून जाते. उन्हात बघितलं तर बॉनेटवर नुसतं कोळ्याचं जाळं.

एकदा एका घरून गाडी परत आली. रिकामी.

तिथला मुलगा म्हणाला होता, "सॉरी, पण बाबांना ह्यातून नाही न्यायचं."

मंडळाची मीटिंग बसली. कोणी म्हणे विकून टाका, कोणी म्हणे सगळी नवीन रंगवा. म्हणजे तोवर लोकांनी काय करायचं?

काका म्हणाले, "रंग शाबूत आहे. वरचा थर खराब झालाय फक्त. मला एक रविवार द्या."

मग थोडं थांबून म्हणाले, "माझे वडील गेले तेव्हा मी दिल्लीत नवा होतो. भाजीच्या टेम्पोतून नेलं त्यांना. पायाशी कोबीची पानं होती. मी रस्ताभर ती गोळा करत होतो."

काकांना रविवार मिळाला.

सामान आणायला करोल बागला मी बरोबर गेले. दुकानदार म्हणाला, "अंकल जी, ये ऊन वाला पैड लो और ये कटिंग कंपाउंड. एक बार में सब साफ."

काका म्हणाले, "बिल्कुल. एक बार में पेंट भी साफ."

तो दुकानदार पण हसला, यार. ते लोकरीचे पॅड सोडून काकांनी घेतले ते फोमचे. एक मऊ, एक त्याहून जरा कडक.

रविवारी पार्किंगच्या सावलीत गाडी धुतली, रबराच्या कडांना टेप लावली. मला काम एकच, टॉर्च धरायची.

आधी तळहाताएवढी जागा घेतली. सगळ्यात मऊ पॅड, सगळ्यात हलकं पॉलिश.

काहीच फरक नाही!

"काका, सरळ कडकच लावा ना. कशाला वेळ घालवताय?"

"अगं, हलक्याने चुकलो तर वेळ जाईल. कडकने चुकलो तर रंग जाईल. तो कुठून आणू?"

मग एक पायरी वर. जरा कडक पॅड, जरा कापणारं कंपाउंड, म्हणजे वरचा थर घासून काढणारी पेस्ट. मशीन इतकं हळू फिरवत होते की मलाच घाम फुटला. बॉनेटच्या कडेला आले की हात आणखी हलका, कारण कडेला रंग पातळ असतो. थोडं झालं की पॅड साफ. मग पुन्हा मऊ पॅड, कंपाउंडने आलेला धूसरपणा काढायला.

दारावर एक लांब ओरखडा होता. काकांनी त्यावरून नख फिरवलं.

"नख अडकतंय, म्हणजे खोल गेलाय. हा राहणार."

"पण दिसेल ना!"

"दिसू दे. ह्याच्यामागे लागलो तर बाकीचं दार घालवून बसेन."

मग त्यांनी फडक्याने बॉनेट पुसलं.

देवाशप्पथ सांगते, वरचा कडुनिंब त्यात पानन् पान दिसत होता. खाली उतरलेल्या बायका पिशव्या घेऊन तशाच उभ्या राहिल्या. माणसाच्या हातात एवढं काही असू शकतं, हे मी त्या दिवशी पाहिलं.

काकू चहा घेऊन आल्या आणि पहिल्यांदाच पंख्याचं काही बोलल्या नाहीत.

पुढे गाडी परत पाठवणाऱ्या त्याच मुलाचा फोन आला. आई गेली होती. त्याने स्वतःहून ही गाडी मागितली.

मग मंडळातल्या हुशार लोकांनी ठराव मांडला की पॉलिश टिकवायला गाडीवर हार घालायला बंदी करू.

काका भडकले. "माणूस गेलाय त्यांचा! हार घालू द्या. ओरखडा मी बघतो."

आणि बघितला. दर वेळी. गाडी परत आली की काका, टॉर्च आणि मी.

आज सकाळी गाझीपूरच्या फुलबाजारातून हार आले. तारेचेच. ड्रायव्हर बॉनेटवर बांधायला गेला आणि मी ओरडले, "रुको! मत बांधो!"

सगळे थांबले. ज्याच्या त्याच्या हातात हार. त्या बॉनेटला तार लावायची कोणाचीच हिंमत होईना.

काकू पुढे आल्या. माझ्या हातातला हार घेतला आणि स्वतः बांधला.

"घालू दे गं. त्यांनी कोणाला कधी अडवलं नाही."

मग सगळ्यांनी घातले. बॉनेट दिसेनासं झालं.

संध्याकाळी गाडी परत आली. मी हार सोडवले, टॉर्च मारली. भरपूर ओरखडे आहेत, काका.

सगळ्यांवरून नख फिरवून पाहिलं. एकातही अडकत नाही.

रविवारी काढते. आधी मऊ पॅड. टॉर्च काकू धरणार आहेत.

या आता, काका. मनापासून नमस्कार.