निरोप जसाच्या तसा

आमच्याकडे लग्नाची नुसती पत्रिका देऊन भागत नाही. मानाच्या पाहुण्याला आणायला घरचं माणूस जातं. पाहुणा म्हणतो, "आम्ही कशाला? तुमचं चालू द्या." मग आपण चपला काढून बसायचं, चहा घ्यायचा, दोनतीनदा विनवायचं. चौथ्यांदा पाहुणा आत बघून म्हणतो, "पिशवी भर." पिशवी सकाळपासून भरलेलीच असते.

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे, आमच्या अक्काचे यजमान, मुरुडचे. रुसण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. एका लग्नात व्याह्यांना आधी फेटा बांधला म्हणून ते मांडवाबाहेर ट्रॅक्टरवर जाऊन बसले. नवरदेव आणायला आला तेव्हाच उतरले.

बारा वर्षांपूर्वी लातूरला माझ्या मुलीचं लग्न होतं. दाजींना आणायला मी धाकट्या भावाला पाठवलं. तो लगेच परतला. "दाजी म्हणाले, आम्ही कशाला. येणार नाहीत."

लग्न दाजी आणि अक्काविना लागलं. दाजींनी भावाला दार बंद केलं. "त्या येड्याला माझ्या दारात आणू नका." मी म्हणालो, "त्याला कुठं काय कळतंय, दाजी?" आणि माझं येणंजाणं चालू ठेवलं. भाऊबीजेला मी ओवाळून घेऊन यायचो. तो विचारायचा, "अक्कानं काय काय केलं होतं?" मी सांगायचो.

माझी नात, थोरल्या मुलाची मुलगी, नांदेडला कॉलेजात आहे. ती ऑटिस्टिक असल्याचं गेल्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून आपलं गाव सांगावं तसं ती ते सहज सांगते. दिवाळीला आली, भावाशी बोलली आणि म्हणाली, "छोटे आजोबा, तुम्ही माझ्यासारखेच असाल."

"तुलाबी कुणी जेवलीस का विचारलं की काय काय जेवलीस ते सांगतेस?"

"मग? विचारतात कशाला?"

"बरं झालं. दोघं झालो."

फराळाला बसल्यावर दाजींच्या निरोपाची गोष्ट निघाली. सगळे नेहमीसारखे हसले. नात हसली नाही. "आजोबा, तुम्ही त्यांना काय सांगून पाठवलं होतं?"

बारा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी चिवड्यातले शेंगदाणे वेचू लागलो. उत्तर भावानं दिलं. "दादा म्हणाला, एकदाच विचार. बसू नको, चहा घेऊ नको. म्हणतील ते जसंच्या तसं येऊन सांग."

खरं आहे. मला मांडवात दाजी नको होते. भाऊ निरोपात काडीचा बदल करणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच त्याला धाडलं. येडा तो ठरला.

"इतकी वर्षं बोलला का नाहीस?" मी विचारलं.

"कुणी विचारलं न्हाई."

भाऊबीजेला आम्ही तिघं मुरुडला गेलो. उंबऱ्यातच मी दाजींना सगळं सांगितलं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "झालं ते झालं. आता कशाला आलात? जावा."

मी रीतीप्रमाणे चपला काढल्या. भाऊ म्हणाला, "बरं दाजी," आणि फाटकाकडे चालू लागला. नातही त्याच्यामागे. आत अक्काच्या हातातलं ताम्हण थांबलं.

दाजी म्हणाले, "हा खरंच निघाला की."

"खरंच निघालाय," मी म्हणालो.

दाजी काठी घेऊन अंगणात धावले. "अरे थांब. मला तू घरात पायजेस."

"पोरगी?"

"तीबी."

"मग येतो."

भाऊ येऊन पाटावर बसला. अक्कानं त्याला ओवाळलं, आणि मग पुन्हा एकदा ओवाळलं.

मला मात्र दाजी आत ये म्हणाले नाहीत. मी उंबऱ्याबाहेर उभा राहून तीनदा विनवलं होतं. चौथ्यांदा विनवायला तोंड उघडलं.