आप्पांना माती दिली त्याची हकीगत

माझ्या वडिलांना मी ते धडधाकट असताना, भर दुपारी माती दिली, असे आमच्या गावात आजही पुष्कळांचे मत आहे. त्यांपैकी काहींना वडिलांनी स्वतः भेटून हे मत बदलण्याची विनंती केली होती. परंतु उपयोग झाला नाही.

आमचे गाव सिरसाळ्यापासून दोन कोसांवर. राज्य निजामाचे, दुकान आमचे किराण्याचे आणि जमीन ओढ्याकाठची, निव्वळ रेताड. पावसाचे पाणी तिला कोणी चुकून दिल्यासारखे ती तत्काळ परत करी! वर्षाची ज्वारी मात्र तीतूनच काढायची. औरंगाबादेस बारा वर्षे शिकून (आणि कोणाशीही फारसे न बोलून) मी पस्तिसाव्या वर्षी शेतीस लागलो, तेव्हा माझ्याजवळ बैल नव्हते. एक उर्दू चोपडे होते. पिकांची धाटे खड्ड्यात कोंडून जाळावीत, त्या कोळशाचा भुगा शेण, भुसकट व सोरा यांसह वाळूत मिसळावा, म्हणजे वाळू ओल धरते, असे त्यात लिहिले होते.

"धाटं म्हंजी कंची?" आप्पांनी विचारले.

"तुऱ्हाट्या, पऱ्हाट्या."

"आरं, ते तुज्या मायचं वर्साचं सरपण हाय!"

"शास्त्र आहे, आप्पा."

"मंग तिला तूच सांग."

मला धीर झाला नाही. मी न सांगता जाळले.

हस्ताचा पाऊस झाला. रेताडात ओल कशीबशी तीन दिवस टिकते. ओढ्यापलीकडचा धोंडिबा तिसऱ्या दिवशी आपली तिफण व बैल घेऊन पेरणीस येणार होता. त्याआधी कोळसा तयार हवा, म्हणून आप्पा छातीइतक्या खोल खड्ड्यात उतरून कोळशाची ढेकळे पायांनी फोडू लागले. सत्तरीचे गृहस्थ, दमले आणि तिथेच मांडी घालून बसले. धूळ जाऊ नये म्हणून डोळे मिटले. कपाळावर नेहमीची विभूती होती. मी काठावर उभा राहून, मान खाली घालून (ती माझी नेहमीचीच), मिठासारखा पांढरा सोरा मुठीमुठीने आत टाकू लागलो. इतक्यात माय आली. तिने खड्डा पाहिला आणि ऊर बडवून हंबरडा फोडला, "गेलं गं माजं! समदं गेलं!"

ती सरपणाविषयी बोलत होती.

नेमका त्याच क्षणी धोंडिबा बैलांसह बांधावर आला. आम्ही वीरशैव; आमच्यात मृतास जाळीत नाहीत, खड्ड्यात बसवून, विभूती लावून, वर मीठ घालून माती देतात, हे त्याला ठाऊक होते. गावाला न कळवता एवढ्या घाईने माती का देतात, हेही ठाऊक होते. त्या काळी प्लेगचा, गाठीचा ताप घरात शिरला, की लोक मरण लपवीत!

धोंडिबाने बैल वळवले.

"धोंडिबा, थांब की बे!" म्हणत आप्पा उभे राहिले. अर्धे काळे, अर्धे पांढरे आप्पा खड्ड्यातून हात वर करून ओरडत आहेत, हे पाहून बैलसुद्धा धावले!

दिवस मावळायच्या आत गाव मोकळे झाले. गुरेढोरे, चुली, कडबा घेऊन सर्वांनी ओढ्यापलीकडे धोंडिबाच्या रेताडात झोपड्या घातल्या. आप्पा अंघोळ करून काठावर गेले.

"मी जिता हाय रे!"

"मंग गेलं कोन?" पलीकडून प्रश्न आला.

"कुनीच न्हाई!"

"लपवनारा असंच म्हनतो! म्होरं येऊ नगा, आप्पा. लई वंगाळ रोग हाय."

चौथ्या दिवशी ओल उडाली. मी एकट्याने कुदळीने चार सऱ्या पेरल्या. त्यांत न मुरलेल्या कोळशाने जोंधळा पिवळा पडून बसला. दुकानात धान्य नव्हते, मीठ-मिरचीच होती; तिकडेही महिनाभर कोणी फिरकले नाही. त्या हिवाळ्यात आम्ही आंबील पीत होतो, तीही दिवसेंदिवस पातळ होत गेली. माय "भूक न्हाई" म्हणू लागली. तोवर ती कधी खोटे बोलत नाही, अशी माझी समजूत होती. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या, तेव्हा मी तिच्याकडे पाहण्याचे टाळले.

पुढच्या वर्षी धोंडिबाच्या वाळूत पुरुषभर उंचीची ज्वारी उभी राहिली! महिनाभर साऱ्या गावाच्या गुरांचे शेण-मूत, तुडवलेला कडबा आणि पन्नास चुलींचे कोळसे तिच्यात मुरले होते. चांगला माणूस, त्याने पोतेभर ज्वारी आमच्या ओसरीवर आणून टाकली आणि खाली मान घालून निघून गेला. मायने त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या.

आप्पांनी तिसरी मोडत माझ्याकडे पाहिले. "पोरा, तुजं शास्तर खरं हाय. फकस्त ते चालू असताना तू शेतात असू नगंस."

तेव्हापासून मी दुकानात बसतो. आणि शेत बरे पिकते.